सायकेडेलिक मुद्राक्षरे

सायकेडेलिक मुद्राक्षरे : फुगीर, वळणदार व प्रवाही घडणीची, मुख्यत्वे शीर्षके, भित्तिपत्रके आणि वेष्टने यांसाठी वापरली जाणारी रोमन लिपीतील आलंकारिक अक्षरे. अमेरिकेतील सॅन फ्रॅन्सिस्को शहरी १९६५–६८ या काळात रॉक संगीताच्या कार्यक्रमांसाठी जी भित्तिपत्रके निघाली, त्यांतील हस्तलिखित अक्षरांपासून ही मुद्राक्षरे घडली. ‘मनाला प्रकट करणारे’ अशा अर्थाची ‘सायकेडेलिक’ ही संज्ञा हंफ्री ऑझ्मंड या मानसोपचारतज्ञाने १९५६ मध्ये एलएसडी व तत्सम द्रव्यांच्या संदर्भात योजिली. पुढे ती त्या काळातील तरुणांच्या बंडखोर संस्कृतीला आणि तिच्या कलेलाही लावण्यात आली.

या अक्षरांचे मूळ विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या व्हिएन्नामध्ये आढळते. तेथील सेसेशन या कलावंतसंघाचा सदस्य आल्फ्रेड रोलर (१८६४–१९३५) याने संघाच्या सोळाव्या प्रदर्शनाच्या भित्तिपत्रकात (१९०३) अक्षरांना जड ठोकळ्यांचे रूप देऊन त्यांमधील पार्श्वभूमी अरुंद रेषांपुरती उरविली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील कलादालनात १९६५ मध्ये जर्मन भित्तिपत्रकांचे प्रदर्शन भरले. त्याच्या सूचिपत्रातून रोलरची अक्षरे वेस विल्सन (१९३७–२०२०) याच्या पाहण्यात आली. कलेचे रीतसर शिक्षण न घेतलेला विल्सन त्या वेळी छपाईच्या व्यवसायात होता. बिल ग्रॅहम याच्या फिलमोर सभागृहासाठी व चेट हेल्म्स याच्या ‘फॅमिली डॉग’ या संस्थेसाठी त्याने जी भित्तिपत्रके काढली, त्यांत रोलरची रीत त्याने अधिक लवचिक केली. १९६६ च्या उन्हाळ्यातील एका भित्तिपत्रकात हिरव्या पार्श्वभूमीवरील लाल अक्षरेच ज्वाळा होऊन उसळताना दिसतात.

या अक्षरांकनात आधी एक आकार कल्पिलेला असतो : ज्वाळा, केशकलाप, स्त्रीदेह किंवा नुसता फुगवटा. मग त्यात शब्द असे बसवितात की, प्रत्येक अक्षर शेजारच्या अक्षराच्या कडेनुसार ताणले वा आकुंचित केले जाते. त्यामुळे अक्षर व अवकाश यांचा नेहमीचा संबंध उलटतो. वाचकाला अक्षरांमधील फटींवरून अक्षर ओळखावे लागते. हिस्पॅनिक वंशाचा व्हिक्टर मॉस्कोसो (१९३६–    ) याने यात रंगाची भर घातली. येल विद्यापीठात योझेफ आल्बर्सकडे शिकलेले रंगशास्त्र त्याने मुद्दाम उलट वापरले. लाल व हिरवा यांसारखे पूरक रंग सारख्याच तीव्रतेने शेजारी ठेवल्यास त्यांच्या कडा डोळ्यांपुढे थरथरतात. शिक्षणात टाळावयास सांगितलेला हा दोषच त्याच्या शैलीचा गाभा ठरला. रिक ग्रिफिन (१९४४–९१), स्टॅन्ली माउस व ऑल्टन केली (१९४०–२००८) हे या संप्रदायाचे अन्य प्रमुख कलावंत होत. लंडनमध्ये मायकेल इंग्लिश व नायजेल वेमथ यांनी १९६७ पासून याच धर्तीची भित्तिपत्रके काढली.

ही शैली प्रचलित मतांना आव्हान देणारी होती. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या हेल्व्हेटिकासारख्या मुद्राक्षरांनी सुवाच्यता व तटस्थता हे आदर्श मानले होते. सायकेडेलिक भित्तिपत्रक मात्र वाटसरूला थांबावयास लावते. जो उलगडण्याचे कष्ट घेईल त्यालाच ते तारीख व स्थळ सांगते. दुर्बोधता येथे श्रोत्यांच्या निवडीचे साधन बनते. अक्षर हे केवळ मजकुराचे वाहन, की स्वतःच आशयाचा भाग, हा जुना वाद यामुळे पुन्हा उभा राहिला.

हस्तलिखित अक्षरांचे मुद्राक्षरांत रूपांतर होण्यास नवे तंत्र कारण झाले. धातूच्या खिळ्यांना चौकोनी अंगाची मर्यादा असते. छायाचित्रीय अक्षरजुळणीत अक्षरे एकमेकांत गुंतविता येत, तर लेट्रासेटसारखी घासून उमटविण्याची अक्षरपत्रे कोणत्याही चित्रकाराच्या मेजावर पोहोचली. न्यूयॉर्कच्या फोटो-लेटरिंग या संस्थेने अशा अक्षरसंचांचे स्वतंत्र सूचिपत्रच काढले. श्टुटगार्टच्या ओटो व्हाइझर्ट ओतशाळेचे ‘आर्नोल्ड बोक्लिन’ (१९०४) हे जुने मुद्राक्षरही या लाटेत पुन्हा वापरात आले. ध्वनिमुद्रिकांची वेष्टने, पुस्तकांची मुखपृष्ठे व दुकानांच्या पाट्या यांवर ही अक्षरे दिसू लागली. पुढे जिम पार्किन्सनच्या ‘मोजो’सारखे संच संगणकासाठी निघाले.

या प्रसारात एक हानीही झाली. मूळ अक्षर शेजाऱ्याप्रमाणे बदलत असे. साच्यातील अक्षर प्रत्येक शब्दात तेच राहते. त्यामुळे बाह्य वळण उरले, तरी परस्परांत सामावण्याचा गुण क्षीण झाला. व्यापारी यशाची झळ खुद्द प्रवर्तकालाही लागली. मोबदल्याच्या वादावरून विल्सनने १९६७ मध्ये फिलमोरचे काम सोडले आणि बॉनी मॅक्लीन (१९३९–२०२०) हिने ते पुढे चालविले. प्रस्थापित व्यवहाराविरुद्ध उभी राहिलेली अक्षरे अशा रीतीने अल्पावधीतच जाहिरातीच्या भांडारात जमा झाली. आज ती एका विशिष्ट दशकाची खूण म्हणून योजिली जातात. थोडके शब्द, मोठा आकार व पुरेसा अवकाश असल्यास ती प्रभावी ठरतात. सलग मजकुरासाठी मात्र ती निरुपयोगी होत.