तुटक रेषेची वाट : परंड्यातून जाणारा नाथांचा पालखीमार्ग

गावनकाशात गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवतात आणि पायमार्ग एकाच तुटक रेषेने. पायमार्गाची रुंदी ८। फूट धरलेली असते. हा सव्वाआठाचा आकडा प्रथम विचित्र वाटतो, पण मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, आणि त्यातले चार आणे पायी चालणाऱ्याचे, असा त्याचा सरळ हिशेब आहे. चार आण्यांच्या या वाटांचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे पद्धत नाही. किल्ल्यांचा लिहितात, देवळांचा लिहितात. देवळापर्यंत माणूस कुठून चालत आला, हे बहुधा गृहीत धरलेले असते.

परंड्यातून जाणाऱ्या अशा वाटांपैकी सर्वांत जास्त पावले पडलेली वाट म्हणजे संत एकनाथांच्या पालखीची. ज्येष्ठात पैठणहून निघायचे, पाटोदा, खर्डा, अनाळा करीत परंड्यास यायचे, पुढे सीना ओलांडून कुर्डू आणि करकंबवरून आषाढीपूर्वी पंढरपूर गाठायचे. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. आळंदी आणि देहूच्या सोहळ्यांवर ग्रंथ आहेत, चित्रपट आहेत. इरावती कर्व्यांचा ‘वाटचाल’ हा लेख आणि दि. बा. मोकाशींचे ‘पालखी’ हे पुस्तक आपल्या सर्वांच्या वाचनात असते. नाथांच्या वाटेच्या नशिबी एवढे लेखन आले नाही. ती मराठवाड्यातून जाते, हे त्याचे एक कारण असावे असे मला वाटते.

या वाटेची भूगोलापेक्षाही नवलाची बाब राजकीय आहे. स्वातंत्र्यापूर्वीच्या नकाशावर ही गावे ठेवून पाहावीत. पैठण निजामाचे. गोदावरी ओलांडून शेवगाव भागात शिरले की इंग्रजी अंमल, अहमदनगर जिल्हा. पुढे पाटोदा पुन्हा निजामाचे. खर्डा जामखेड तालुक्यात, म्हणजे इंग्रजांकडे. परंडा निजामाचे. सीनेपलीकडे माढा तालुका, सोलापूर जिल्हा, पुन्हा इंग्रजी. एका वारीत पाच वेळा हद्द बदलते. एका बाजूला हाली शिक्का, दुसऱ्या बाजूला कलदार रुपया. निजामाच्या हद्दीवर करोडगिरीची, म्हणजे जकातीची नाकी. कनवटीला दोन प्रकारची नाणी बाळगून आणि नाक्यामागून नाके पार करून पंढरपूरला जाणाऱ्या माणसाला हैदराबाद आणि मुंबई या दोन सरकारांविषयी काय वाटत असेल, हे कोणत्याही दफ्तरात सापडायचे नाही. १९४८च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, तरी मुंबई आणि हैदराबाद या दोन राज्यांमधली रेषा १९५६पर्यंत राहिलीच.

ही हद्द काही इंग्रजांनी नव्याने आखली असे नव्हे. १७९५ साली खर्ड्याच्या लढाईनंतर निजामाने मराठ्यांना जो सरहद्दीचा मुलूख देऊ केला, त्याचे दक्षिणेकडचे टोक परंडा आणि उत्तरेकडचे तापी असे वर्णन तहात येते. परंडा हे त्याआधीही काठावरचेच ठाणे होते. १६००मध्ये अहमदनगर मोगलांकडे गेल्यावर मलिक अंबरने निजामशाहीची गादी इथे मांडली. १६३४मध्ये शाहजादा शुजा आणि महाबतखान यांना वेढा घालूनही किल्ला मिळाला नाही.

आणि इथून निघालेला सर्वांत अवघड प्रवासी म्हणजे मुलूख-ए-मैदान तोफ. अहमदनगरला १५४९मध्ये ओतलेली ही सुमारे ५५ टनांची तोफ १६३२मध्ये परंड्याहून विजापूरला ओढत नेली. तिची जोडीदार तोफ कृष्णेत बुडाली असे सांगतात. तोफेला रस्ता करावा लागतो, उतार निवडावे लागतात, नद्यांचे तळ चाचपावे लागतात. पाऊलवाट यातले काही मागत नाही, म्हणूनच ती मागे काही अवशेषही ठेवत नाही. संशोधकाची खरी अडचण इथे आहे.

वारकरी चालत होते कारण दुसरे साधन नव्हते, हे उत्तर सोपे आहे, पण टिकत नाही. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १८९७मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि १९०६मध्ये पंढरपूरला पोचली. यात्रेच्या दिवसांत ती खच्चून भरून जात असे. म्हणजे गेली शंभराहून अधिक वर्षे नाथांची पालखी रेल्वेच्या रुळाशेजारून, हाकेच्या अंतरावरून, चालत गेलेली आहे. शेवटचे ५० किलोमीटर गाडीत बसण्याची सोय असताना दिंडी बसली नाही. चालणे ही अडचण नव्हती, ते व्रतच होते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

आता थोडे दूर जाऊ. फ्रान्सच्या मध्यभागी ल पुई हे गाव आहे. तिथला बिशप गोदेस्काल इ.स. ९५०-५१मध्ये स्पेनमधल्या संत याकोबाच्या समाधीकडे निघाला, आणि त्या वाटेने पुढे शतकानुशतके यात्रेकरू गेले. वाटेत ओब्राकचे पठार लागते. ते आपल्या दख्खनसारखेच ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचे. तिथे बाराव्या शतकात यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभी राहिली आणि धुक्यात वाट चुकलेल्यांसाठी तिची घंटा वाजवीत. पुढे ही वाट जवळजवळ ओस पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७पासून, फ्रान्समध्ये हौशी मंडळींनी लांब पायवाटांवर पांढऱ्या-तांबड्या पट्ट्या रंगवायला सुरुवात केली, आणि १९७०च्या दशकात ल पुईच्या वाटेलाही तशा खुणा झाल्या, ६५ क्रमांक मिळाला. १९८३च्या कायद्याने तिथल्या प्रत्येक जिल्ह्याला चालण्याच्या वाटांची यादी करता येते. यादीतली वाट तुटेल असा ग्रामरस्ता विकला आणि पर्यायी वाट दिली नाही, तर ती विक्रीच रद्द ठरते. १९९८मध्ये युनेस्कोने या यात्रामार्गांना जागतिक वारशात घेतले, तेव्हा चर्च आणि पुलांबरोबर वाटेचे सात तुकडेही नोंदवले. वास्तू नव्हे, नुसती वाट.

आपल्याकडे १९०६चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. अडवलेला वहिवाटीचा रस्ता तहसीलदार खुला करून देतो, मात्र दावा सहा महिन्यांत करायचा. हा कायदा चांगलाच आहे, पण तो शेतकऱ्याला त्याच्या शेतापर्यंत पोचवतो. शेताच्या पलीकडे जाणाऱ्या वाटसरूचा विचार त्यात नाही.

फ्रेंच आणि वारी यांचा एक धागा थेट जुळतो, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. गी देलरी हे फ्रेंच जेझुइट पुण्यात राहिले, मराठी शिकले, वारीत चालले. विठ्ठल संप्रदायावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६०मध्ये डेक्कन कॉलेजने काढला. त्याआधी, १९५६मध्ये, त्यांनी तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले आणि त्या पुस्तकाला ‘यात्रेकरूची स्तोत्रे’ अशा अर्थाचे नाव दिले. तुकोबांना संत, कवी, बंडखोर म्हणणारे पुष्कळ. त्यांना आधी चालणारा माणूस म्हणून पाहिले ते या परक्याने. तेसुद्धा ज्या देशात त्या वेळी जुने यात्रामार्ग ओस होते, तिथल्या माणसाने.

आज पैठण–पंढरपूर हा पालखीमार्ग राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. रस्ता रुंद झाला याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पावसाळ्यातला काळ्या मातीचा चिखल ज्याने तुडवला आहे त्याला कारण विचारावे लागत नाही. पण सरळ केलेला रस्ता आणि जुनी वाट एक नव्हेत. जुनी वाट पाण्याकडे वळत होती. दिंडीतल्या वयस्क चालणाऱ्यांना विचारले, तर ते गावांची नावे कमी आणि विहिरी, चिंचा, ओढ्यांचे उतार जास्त सांगतात. उन्हात तापलेल्या सिमेंटवरून अनवाणी चालणाऱ्याला ती वळणे का होती, हे कळते.

काम अजून हातातले आहे. अनाळा ते परंडा आणि परंडा ते सीनेचा काठ एवढ्याच टप्प्यातल्या गावांचे नकाशे एकाशेजारी एक जोडायचे, एका शिवारातली तुटक रेषा दुसऱ्या शिवारात नेमकी कुठे शिरते ते पाहायचे, आणि ते कागद घेऊन पुढच्या ज्येष्ठात दिंडीबरोबर चालायचे. ज्यांना नकाशात नसलेली विहीर दाखवता येईल अशी माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.