बालसंगोपन व्यवस्था, खानदेशातील

जळगाव व धुळे जिल्ह्यांत सहा वर्षांखालील मुलांचा दिवस कोणाजवळ जातो, हे घरातील माणसे आणि मिळकत यांवर ठरते. एकत्र कुटुंबात आजी, काकू मूल सांभाळतात. शहरांतील नोकरदार विभक्त कुटुंबे पैसे मोजून खाजगी पाळणाघर किंवा सांभाळणारी बाई पाहतात. 50 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने सक्तीची केली. शेतमजूर बाई मात्र या चौकटीबाहेरच राहते.

कमी उत्पन्नाच्या घरांचा मुख्य आधार अंगणवाडी. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. तिच्यातून तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण व गरम आहार मिळतो. त्याहून लहानांसाठी घरी शिधा दिला जातो. म्हणजे तान्ह्याचे पोषण होते, पण त्याला सांभाळायला कोणी मिळत नाही. अंगणवाडी काही तासच चालते, कापूसवेचणी दिवसभर. मग तान्हे बांधावरच्या झोळीत झोपते, थोरली बहीण राखणीला बसते आणि तिची शाळा बुडते.

सर्वांत बिकट स्थिती ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची. साक्री परिसरातील व सातपुड्याच्या पायथ्याची आदिवासी जोडपी हंगामात गाव सोडतात. मूल आजीजवळ राहते, नाहीतर फडावर जाते. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाच मुले असल्यास एका बाईला मजुरी देऊन सांभाळायला नेमण्याची तरतूद होती. उसाच्या फडाला ती लागू नव्हती.