गिरणीचे चित्र आणि विणकाम खात्याचा दरवाजा

व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीत, १८५६ साली, ताडदेवला कावसजी दावर यांची कापडगिरणी सुरू झाली. पुढे भायखळा ते परळ धुराडीच धुराडी. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडली, जमिनींवर मॉल आणि टॉवर आले. हे घडत असतानाच, २००१ मध्ये, सुधीर पटवर्धन यांनी 'लोअर परळ' हे चित्र रंगवले. असे काम व्हायलाच हवे होते. इमारत पाडली की बिल्डरचे माहितीपत्रक तेवढे उरते.

पण गिरणी म्हणजे नुसते धुराडे आणि दातेरी छप्पर का? त्या छपराखालच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे. उष्ट्याचा विटाळ नको, म्हणून सवर्ण कामगारांचाच विरोध! (मालकाचा नव्हे, सोबत संप करणाऱ्यांचा.) पगार जास्त तो विणकामात, आपल्या माणसांच्या वाट्याला कमी पगाराचे रिंग खाते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला.

चित्रकार मित्रांनो, उरलेल्या गिरण्या जरूर रंगवा. विणकाम खात्याचा दरवाजाही रंगवा, आणि त्याच्याबाहेर थांबवलेला कामगारही.