पिरॅमिडचा मेकओव्हर: लास वेगासच्या लक्सॉरची गोष्ट

आज लास वेगासला जाऊया. तिथल्या मुख्य रस्त्यावर काळ्या काचेचा एक तीस मजली पिरॅमिड आहे. वर हॉटेलच्या खोल्या, खाली कॅसिनो. नाव लक्सॉर. आता गंमत बघा, इजिप्तमधलं खरं लक्सॉर हे देवळांचं आणि राजांच्या थडग्यांचं गाव. मोठे पिरॅमिड आणि स्फिंक्स तिकडे शेकडो किलोमीटर लांब, गिझाला! पाटी एका गावची, इमारत दुसऱ्या गावची. पण वेगासला हे तपासतंय कोण?

हे हॉटेल उघडलं १५ ऑक्टोबर १९९३ ला. बाराच दिवसांनी ट्रेझर आयलंड उघडलं, तिथे रस्त्यालगत चाच्यांची जहाजं लढायची. डिसेंबरात एमजीएम ग्रँड, सोबत अख्खा थीम पार्क. हे सगळं एकाच वर्षी का? कारण तेव्हा वेगासला कुटुंबं हवी होती. आईबाबा पत्ते खेळतील, पोरं खेळात रमतील, असा हिशोब. लक्सॉरमध्ये तर आत चक्क नाईल नदी होती, बोटीत बसून फिरायची. तुतनखामेनच्या थडग्याची हुबेहूब प्रतिकृतीही होती.

पण मुलांना घेऊन आलेला माणूस रात्रभर टेबलावर थोडाच बसतो! तीनेक वर्षांतच नाईल आटली. २००३ मध्ये ट्रेझर आयलंडवर लहान मुलांचे चाचे जाऊन मोठ्यांसाठीचा शो आला, नावही नुसतं 'टीआय' झालं. २००७ मध्ये लक्सॉरच्या मालकांनी जाहीर केलं की इजिप्त काढायचा. आतले पुतळे, चित्रलिपी बरीचशी गेली, लाउंज आणि नाइटक्लब आले. थडग्याची प्रतिकृती गावातल्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाला मिळाली. मला विचाराल तर तिची तिथेच जास्त कदर झाली.

आता खरी अडचण. एमजीएम ग्रँडचं दार म्हणजे सिंहाचा भलामोठा जबडा होता. त्यातून आत जाणं आशियाई पाहुण्यांना अपशकुनी वाटतं, अशी चर्चा होती. १९९८ च्या सुमारास तो काढला, काम झालं. दार बदलता येतं हो. पण पिरॅमिडचं काय करणार? लक्सॉरच्या लिफ्टसुद्धा सरळ वर जात नाहीत, ३९ अंशांत तिरक्या सरकतात. खोल्यांच्या खिडक्या तिरक्या. आत कितीही आधुनिक सोफे ठेवा, भिंत आपली कललेलीच! आणि दारात तो स्फिंक्स अजून बसलाय.

टोकावरचा दिवाही राहिलाय. आकाशात सरळ वर जाणारा प्रचंड झोत. त्याच्यापाशी रोज रात्री पतंग जमतात, पतंगांमागे वटवाघळं येतात. २०१९ च्या उन्हाळ्यात तर नाकतोड्यांची एवढी झुंड शहरावर आली की ती हवामानाच्या रडारवर दिसली, आणि या झोतात घिरट्या घालणाऱ्या नाकतोड्यांचे व्हिडिओ जगभर फिरले.