पडत्या ठोकळ्यांचा खेळ

फावल्या वेळांत सहज आरंभिलेली कृति कर्त्याच्या मालकीची कितपत राहते, या प्रश्नाचें एक उत्तर मॉस्को शहराच्या इतिहासांत सांपडतें. तेथील सोव्हिएट विज्ञान अकादमीच्या संगणक-केंद्रांत अलेक्सी पाजित्नोव्ह हा संशोधक नोकरीस होता. इ. स. १९८४ मध्यें, नेमून दिलेल्या कामाखेरीज, त्यानें एकट्यानें एक खेळ रचला.

पांच चौकोनांच्या आकृत्या पेटींत जुळवून बसविण्याचें कोडें त्याच्या आवडीचें होतें. त्यानें चारच चौकोन घेऊन सात आकृत्या ठरविल्या. 'इलेक्ट्रोनिका ६०' या यंत्राच्या पडद्यावर चित्रें उमटत नसत. म्हणून कंसाच्या चिन्हांचेच ठोकळे केले. भरलेली ओळ नाहींशी होण्याची युक्ति सुचली नसती, तर पडदा क्षणांत भरून खेळ तेथेंच संपला असता. ग्रीक भाषेंतील 'चार' हा अर्थ आणि टेनिस यांच्या संयोगानें 'टेट्रिस' हें नांव जन्मलें.

नकलांवर नकला होऊन खेळ पसरला. परदेशचे हक्क मात्र 'एलोर्ग' या सरकारी संस्थेकडे गेले. १९८९ मध्यें निंटेंडो या जपानी कंपनीच्या 'गेम बॉय' यंत्राबरोबर तो अमेरिकेंत घरोघर पोंचला. पण त्या विक्रीचा वांटा कर्त्यास मिळाला नाहीं. १९९६ मध्यें हेंक रॉजर्स याच्यासह त्यानें कंपनी स्थापिली, आणि बारा वर्षांनीं स्वतःच्या कृतीचें उत्पन्न त्याच्या हातीं येऊं लागलें. तोंवर सोव्हिएट राज्य लयास गेलें होतें; ठोकळे मात्र पडतच होते.