पडद्यावरचा दिल्ली दरबार

राजाने समुद्रापलीकडच्या मुलखात जाऊन मानवंदना स्वीकारावी आणि तो सोहळा मायदेशी राहिलेल्या प्रजेनेही डोळ्यांनी पाहावा, ही गोष्ट चलच्चित्राच्या शोधापूर्वी अशक्य होती. २ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज व राणी मेरी मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरली. गादीवर असलेला इंग्लंडचा राजा हिंदुस्थानात येण्याचा हा पहिलाच प्रसंग. आणि तो टिपण्यासाठी अनेक इंग्रज कंपन्यांचे कॅमेरे सज्ज होते.

त्यांत सर्वांत महत्त्वाकांक्षी होता चार्ल्स अर्बन. त्याला हा दौरा रंगांत दाखवायचा होता. त्याची ‘किनेमाकलर’ पद्धती मोठी युक्तीची होती. फिल्म काळीपांढरीच असे. परंतु लाल आणि हिरव्या काचांची चकती कॅमेऱ्यात फिरत असे आणि सेकंदाला सुमारे ३२ चित्रे आळीपाळीने त्या दोन काचांतून घेतली जात. दाखवतानाही तशीच चकती फिरे, आणि दोन्ही चित्रे डोळ्यांत मिसळून रंगांचा भास होई. २ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनच्या स्काला नाट्यगृहात हा सुमारे अडीच तासांचा चित्रपट झळकला. रंगमंचावर ताजमहालाचा देखावा उभारला होता आणि साथीला वाद्यवृंद होता. साम्राज्याचे वैभव लोकांनी डोळे भरून पाहावे, हाच त्या थाटामागील हेतू होता.

परंतु कॅमेऱ्यांनी वैभवाखेरीज आणखीही काही टिपले. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीच्या दरबारात संस्थानिक एकामागून एक सिंहासनापुढे येत होते. लवून मुजरा करावा आणि पाठ न दाखवता मागे सरत परतावे, असा शिरस्ता होता. हैदराबादच्या निजामानंतर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड आले. पोशाख साधा पांढरा, हातात काठी. त्यांनी एकदाच किंचित मान लववली, आणि वळून ते चालू लागले.

इंग्रजी वृत्तपत्रांत गहजब उडाला. बडोद्याविषयी सरकारच्या मनात संशय आधीपासूनच होता. अरविंद घोष यांनी तेथेच अनेक वर्षे नोकरी केली होती. महाराजांनी व्हाइसरॉय हार्डिंग यांना पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली. निजामानंतर लगेच आपली पाळी आल्याने इतरांचे वर्तन नीट पाहता आले नाही आणि आपला गोंधळ उडाला, असा त्यांचा खुलासा होता. तो पुष्कळांना पटला नाही. त्यातच लंडनच्या प्रेक्षकांना तो प्रसंग वृत्तपटात प्रत्यक्ष पाहायला मिळाला. एरवी अशा आरोपाचा निवाडा साक्षीदारांच्या शब्दांवर होई. येथे खुद्द घटनाच पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणता येत होती.

तरीही वाद मिटला नाही. महाराज वळले, हे पडद्यावर दिसत होते. ते गोंधळून वळले की जाणूनबुजून, हे दिसत नव्हते. ज्याला उद्धटपणा पाहायचा होता त्याने उद्धटपणा पाहिला, आणि ज्याला स्वाभिमान पाहायचा होता त्याने स्वाभिमान.

अर्बनच्या रंगीत चित्रपटाचा बहुतांश भाग पुढे नाहीसा झाला. सैन्याच्या पाहणीचा एक तुकडा २००० साली रशियात सापडला. दरबाराची काळीपांढरी दृश्ये मात्र टिकून राहिली. त्यांत आजही राजा सिंहासनावर बसलेला आहे, आणि पांढऱ्या पोशाखातील एक मराठी संस्थानिक वळून चालू लागला आहे.