रंगीत शर्टावर बांधणी

पांढऱ्या सुती कापडावर बांधणी कशी करावी, याची कृती बहुतेकांना ठाऊक असते. परंतु कपाटात पडून राहिलेले, किंचित विटलेले शर्ट बहुधा रंगीतच असतात आणि त्यांच्यावर पांढऱ्या कापडाची कृती जशीच्या तशी वापरली, तर हाती निराशाच येते. याचे कारण असे की, कापडाचा रंग हा भिंतीवरील लेपासारखा नसतो. तो धाग्यात मुरतो आणि पारदर्शक असतो. त्यामुळे खालचा रंग झाकला जात नाही, नवा रंग त्यात मिसळतो. पिवळ्या शर्टावर निळा रंग घातल्यास हिरवा उमटतो, फिकट निळ्यावर गुलाबी घातल्यास जांभळा. निळ्यावर नारिंगी मात्र मळकट तपकिरी होऊन बसतो. गडद शर्टावर फिकट रंग चढतच नाही.

कच्छ, जामनगर आणि राजस्थानातील कारागिरांनी हे तत्त्व फार पूर्वीच ओळखले होते. पारंपरिक बांधणीत पांढऱ्या कापडावर पहिल्या गाठी मारून ते पिवळ्या रंगात बुडवितात, मग आणखी गाठी मारून लाल रंगात आणि हवे असल्यास शेवटी काळ्या रंगात. पहिल्या गाठींखाली पांढरे ठिपके राहतात, दुसऱ्या गाठींखाली पिवळे. म्हणजे दुसऱ्या बुडवणीपासून कारागीर रंगीत कापडच रंगवीत असतो, आणि क्रम नेहमी फिकटाकडून गडदाकडे. घरच्या शर्टालाही हाच नियम लागू आहे. जो रंग आज शर्टावर आहे, तोच ठिपक्यांचा रंग होणार, हे धरूनच नवा, अधिक गडद रंग निवडावा.

त्याआधी कापड पारखून घ्यावे. आतल्या शिवणीतून कापडाचाच एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळावा. कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राख पडली तर सुती. वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर. पॉलिएस्टरवर सुती कापडाचे रंग बसत नाहीत आणि मिश्र कापडावर फिकेच उमटतात.

सुती कापडासाठी थंड पाण्यात बसणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग सर्वांत सोयीचे. आयसीआय या ब्रिटिश कंपनीने असे रंग १९५६ साली ‘प्रोशन’ या नावाने बाजारात आणले. ते धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जात असल्याने धुण्यात टिकतात. मात्र त्यासाठी सोडा अत्यावश्यक आहे. मीठ घातले म्हणजे रंग पक्का होतो, हा समज अपुरा आहे. मीठ रंगाला धाग्याकडे ढकलते, बंध जुळतो तो सोड्यामुळे. दर लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून त्यात धुतलेला शर्ट वीस मिनिटे भिजवावा, पिळून दोऱ्याने घट्ट बांधावा. लहान ठिपक्यांसाठी आत मोहरी किंवा हरभरा धरता येतो. सुमारे २५० मिलिलिटर पाण्यात दोन चहाचे चमचे रंग कालवून गाठींच्या घडीपर्यंत पोहोचेल असा ओतावा, आणि शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ओलाच ठेवावा. कोरडा पडला की क्रिया थांबते. रंगाची भुकटी श्वासावाटे जाऊ देऊ नये. हातमोजे वापरावेत आणि रंगासाठी घेतलेली भांडी पुन्हा स्वयंपाकात आणू नयेत.

गडद निळ्या वा काळ्या शर्टासाठी मार्ग उलटा आहे. रंग चढवायचा नाही, उतरवायचा. बांधलेल्या शर्टाच्या उघड्या भागावर घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, दुप्पट पाण्यात मिसळून लावावे. आधी आतल्या दुमडीवर थेंब टाकून पाहावा, कारण काही पक्के रंग मुळीच उतरत नाहीत. काळा रंग उतरून पांढरा होईल ही अपेक्षा ठेवू नये. बहुधा तांबूस किंवा नारिंगी छटा येते, आणि तीच अनेकदा देखणी दिसते. दहा मिनिटांहून अधिक वेळ ब्लीच ठेवल्यास धागा कुजल्यासारखा होतो. रेशीम, लोकर आणि ताणले जाणारे कापड यांना तर ते लावूच नये.

ब्लीचचा परिणाम थांबविण्यासाठी व्हिनेगर वापरण्याचा सल्ला काही जण देतात. तो घातक आहे. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू वा शौचालय साफ करण्याचे आम्लयुक्त द्रावण मिसळल्यास विषारी क्लोरिन वायू सुटतो. शर्ट भरपूर पाण्यात खळबळून नंतर सोडियम थायोसल्फेटच्या, म्हणजे फोटोग्राफीतील ‘हायपो’च्या, सौम्य द्रावणात बुडवावा. सारे काम गच्चीत किंवा उघड्या खिडकीजवळ करावे. एवढे झाल्यावर उतरलेल्या भागावर नवा रंग चढविता येतो. ब्लीचचा अंश राहिला तर मात्र तो नव्या रंगालाही खातो.

रंगविलेला शर्ट आधी बांधलेल्या स्थितीतच थंड पाण्याने धुवावा, पाणी जवळजवळ नितळ झाले की गाठी सोडून गरम पाण्यात साबणाने धुवावा. पहिल्या दोन-तीन धुण्यांत तो इतर कपड्यांपासून वेगळाच ठेवलेला बरा. तयार शर्टाची शिवण प्रायः पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असते, त्यामुळे सुती रंगाने ती बदलत नाही. कॉलर आणि काजांभोवती जुन्या रंगाची बारीक रेघ तशीच राहते.